चावीवाल्याला वकील कशाला

"तारेचा एखादा तुकडा मिळेल का?" चावीवाल्याने विचारलं, आणि सगळं पोलीस ठाणं तार शोधायला उठलं.

कपाट लोखंडी होतं, माणसापेक्षा उंच, आणि त्याची चावी सकाळपासून सापडत नव्हती. हवालदाराचं म्हणणं, ती फौजदारांकडे होती. फौजदारांचं म्हणणं, ती हवालदाराकडे दिली होती, आणि हवालदाराकडे दिलेली वस्तू हरवली असं म्हणण्यात अर्थ नसतो, कारण ते देतानाच ठरलेलं असतं. कपाटात निरनिराळ्या गुन्ह्यांतला मुद्देमाल होता. चावीवाल्याची हत्यारांची पिशवीही त्यातच होती, कारण त्यातल्या एका गुन्ह्यात संशय चावीवाल्यावरच होता.

"माझ्या पिशवीत याच्यासाठी अगदी हवा तसा आकडा आहे," तो म्हणाला.

"मग घे की."

"पिशवी कपाटात आहे."

हवालदाराने यावर बराच विचार केला. "म्हणजे आधी कपाट उघडायला पाहिजे," असा निष्कर्ष त्याने काढला, आणि तपासाला आपणच दिशा दिली अशा चेहऱ्याने तो बाजूला उभा राहिला.

शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरची तार निघाली. चावीवाल्याने ती पकडीशिवायच, दातांनी वाकवली, कपाटासमोर उकिडवा बसला आणि डोळे मिटले. कुलूप उघडताना तो डोळे मिटायचा. डोळ्यांना कुलपातलं काही दिसत नाही, मग त्यांना उगाच कशाला कामाला लावा, असं त्याचं मत होतं. बोटं जराशी हलली, आत कुठेतरी टक झालं, आणि दार कुरकुरत उघडलं. एका शिपायाने टाळ्या वाजवल्या. फौजदारांनी चहा मागवला आणि "यालाही," असं सांगितलं. इतका वेळ बाकावर बसवलेल्या माणसाला खुर्ची मिळाली.

"वकील वगैरे आणलायस का?" फौजदारांनी विचारलं. स्वच्छ ऊन पडलेलं असताना छत्री आणलीस का, असं विचारावं तसं.

"कशाला साहेब? मी काही केलेलंच नाही."

"शाबास. वकील कोण आणतं? ज्याला काही लपवायचं असतं तो. तू आपला मोकळेपणाने सांग."

मोकळेपणा हा चावीवाल्याचा जुना आजार होता. कोणी वेळ विचारली तर हा, घड्याळ कोणत्या सासऱ्याने दिलं तिथपासून सुरुवात करी. सासरा एकच होता, तरीही. त्यात आता समोर चहा होता, खुर्ची होती आणि इतक्या गणवेशातल्या माणसांनी कान देऊन ऐकण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ होती. त्याने सगळं सांगितलं.

घडलं होतं ते असं. दुपारी त्याच्या टपरीवर एक माणूस आला. पायात घरातल्या सपाता, हातात पिशवी, पिशवीतून पालेभाजी डोकावतेय. म्हणाला, दार वाऱ्याने आपटलं, चावी आत राहिली. रोज असे लोक येतात. त्यांच्याकडे कागदपत्रं मागण्यात हशील नसतं, कारण ज्याची चावी आत राहिली त्याची कागदपत्रंही आतच राहिलेली असतात. म्हणून चावीवाल्याची स्वतःची एक परीक्षा होती. दार उघडायचं, आपण उंबऱ्याबाहेर थांबायचं, आणि त्या माणसाला अंधाऱ्या घरात पुढे जाऊ द्यायचं. ज्याचा हात न बघता, न चाचपडता, सरळ दिव्याच्या बटणावर जातो, तो त्या घरचा. जो भिंत चाचपडतो, तो परका. एकदा एका गृहस्थाने भिंत चाचपडली, तर चावीवाल्याने त्याला जिन्यात बसवून ठेवलं होतं. नंतर कळलं की घर त्याच्या सासूचं होतं. सासू आली, तिने जावयाला ओळखलं, पण ओळखायला जरा वेळ घेतला, आणि तेवढ्यात चावीवाल्याला आपल्या परीक्षेबद्दल फार आदर वाटला.

तर या सपातावाल्याचा हात सरळ बटणावर गेला. तेही दाराजवळच्या नाही, आतल्या खोलीच्या, कपाटामागे लपलेल्या बटणावर. घरच्या माणसांनाही सापडू नये अशा जागी ते होतं. चावीवाला निर्धास्त झाला. मग तो माणूस म्हणाला, आलाच आहात तर हे कपाटही उघडून द्या, याचीही चावी कुठे गेलीये कोण जाणे. चावीवाल्याने तेही उघडलं. माणसाने फ्रीजमधलं गार पाणी दिलं, ते चावीवाला ग्लासभर प्यायला. निघताना त्याने सल्लाही दिला, की दाराचं कुलूप फार हलकं आहे, कोणीही उघडेल, बदलून घ्या.

त्या माणसाने सल्ला मनावर घेतला नाही. तो कपाटातले दागिने घेऊन गेला. घर एका एकट्या राहणाऱ्या बाईंचं होतं, त्या बहिणीकडे गेल्या होत्या. आणि तो माणूस म्हणजे काही महिन्यांपूर्वी त्या घरातली सगळी बटणं ज्याने बसवली, तो वायरमन होता.

"म्हणजे तू दार उघडलंस," फौजदार म्हणाले.

"हो."

"कपाट उघडलंस."

"हो."

"आणि कुलूप हलकं आहे हे तुला माहीत होतं."

"बघताक्षणी कळलं साहेब," चावीवाला अभिमानाने म्हणाला.

फौजदारांनी स्वतः उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याला अटकही केली नाही. "बोलावलं की येतोस ना? मग झालं तर," ते म्हणाले. हवालदार फाटकापर्यंत सोडायला आला आणि जाता जाता त्याने आपल्या घरच्या माळ्याचं कुलूप गंजलंय, त्याचं काय करावं, हेही विचारून घेतलं.

घरी बायको शिवणाच्या मशीनवर बसली होती आणि तिचा भाऊ त्या खोलीतल्या एकुलत्या एक आरामखुर्चीत पसरला होता. चावीवाल्याने सगळी हकिकत हसत सांगितली. हसत होता तो एकटाच.

"दाजी, वकील लावा," मेहुणा म्हणाला.

"अरे, त्यांनी मला चहा पाजला."

"म्हणून तर म्हणतोय. मला पोलिसांनी कधी चहा पाजलेला नाही, आणि मी अजून बाहेर आहे. माझी स्कूटर त्या भिंतीवर गेली होती, आठवतं? वकिलाने अशी काही बाजू मांडली की शेवटी भिंतीच्या मालकाने माझी माफी मागितली."

"भिंत होती तरी कुठे?"

"होती तिथेच. तोच तर तिचा गुन्हा ठरला."

"तू तर धडक मारलीच होतीस. तुला वकील लागणारच. मी काय केलंय?" चावीवाला खाली सतरंजीवर बसला. "हे बघ, रिकाम्या घराला कोणी मोठं कुलूप लावतं का? मोठं कुलूप दिसलं की चोराला कळतं, आत माल आहे. वकिलाचं तसंच आहे. तो शेजारी उभा राहिला की न्यायाधीश म्हणणार, याच्या पोटात काहीतरी आहे."

"आणि घर उघडं दिसलं तर चोर काय नमस्कार करून पुढे जातो?" बायको मशीन न थांबवता म्हणाली.

"खरं बोलणाऱ्याला मधे माणूस कशाला लागतो गं?"

"तुम्हाला बोलणं थांबवायला लागतो. लग्न झाल्यापासून ते काम मी एकटी करतेय. आता मला ते झेपत नाही."

मेहुणा हसला. चावीवालाही हसला. बायकोने दोरा तोडला आणि फीचं मी बघते, तुम्ही फक्त जा, असं सांगितलं. तो बघू म्हणाला. या घरात बघू याचा अर्थ नाही असा होता, आणि हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

पण इमारतीत विषय मिटला नव्हता, तो जिन्याने वर-खाली करत होता. काही दिवसांत शेजारच्या दारांवर नवी कुलपं दिसू लागली. पितळेची, पोलादी, एक तर आकड्यांचं. चावीवाला येता-जाता ती बघे आणि मनात गुण देई. कोणी त्याला टाकून बोललं नाही. लोक भले होते. समोरच्या बाईंनी तर त्याला जिन्यात थांबवून, अगदी घरच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "भाऊ, राग मानू नका, पण असं कुठलं कुलूप मिळतं का हो, जे तुम्हाला उघडता येत नाही?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. असं एक कुलूप होतं. त्याने कंपनीचं नाव सांगितलं, कुठल्या दुकानात मिळेल तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते दारावर आलं. दुकानातल्या माणसाने ते जरा तिरकं बसवलं होतं, त्यामुळे दार नीट लागत नव्हतं. चावीवाल्याला ते बघवेना. त्याने स्क्रू काढून ते सरळ बसवून दिलं. बाईंनी मनापासून आभार मानले आणि तो पाठमोरा होताच नवीन कुलूप दोनदा फिरवून लावलं. चांगलं लागलं, हे त्याने आवाजावरून ओळखलं.

टपरीवर मात्र कोणी फिरकेना. एक ओळखीचा म्हातारा आला, तोही एवढंच विचारायला की, मागे करून दिलेल्या चावीचा नमुना तुमच्याकडे राहिला असेल तर परत द्याल का. नमुने आपण ठेवत नाही, असं चावीवाल्याने सांगितलं. म्हाताऱ्याला ते पटलं नाही. तो बराच वेळ समोरच्या फुटपाथवर उभा राहून टपरीकडे बघत होता.

न्यायालयातल्या पहिल्या तारखेला चावीवाला इस्त्रीचा शर्ट घालून एकटाच गेला. बायको येते म्हणाली, तर तो म्हणाला, काम बुडवू नकोस, दुपारपर्यंत मिटेल. ती तरीही आली आणि मागच्या बाकावर बसली.

"तुमचा वकील कुठे आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही साहेब."

"परवडत नसेल तर न्यायालय देईल. हवा आहे का?"

"नको साहेब. मी खरंच सांगणार आहे."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. कोणत्याही गोष्टीचं आश्चर्य वाटायचं वय उलटून गेलेला माणूस जेवढं आश्चर्य दाखवू शकतो, तेवढं त्यांनी दाखवलं. "पुन्हा विचार करा," ते म्हणाले. चावीवाल्याने विनयाने मान हलवली. साहेबांवर आपली चांगली छाप पडली, असं त्याला वाटलं.

मग सरकारी वकील उठले. त्यांनी चावीवाल्याचा जबाब वाचून दाखवला. स्वतःचंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना चावीवाल्याला कळेना की हे इतकं वेगळं कसं काय वाटतंय. शब्द त्याचेच होते, एकही बदललेला नव्हता. पण त्याच्या सांगण्यात मधे मधे जे हसू होतं, सासूची गोष्ट होती, ते सगळं गळून गेलं होतं. उरलं होतं ते असं: आरोपीने दार उघडलं. आरोपीने कपाट उघडलं. आरोपीने सहआरोपीसोबत बसून पाणी घेतलं, ग्लासवर त्याच्या बोटांचे ठसे आहेत. कुलूप हलकं असल्याचं आरोपीने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं आहे.

"आणि आरोपीचं धाडस किती, हे न्यायालयाने पाहावं," सरकारी वकील म्हणाले. "चौकशीला बोलावलं असताना, प्रत्यक्ष पोलीस ठाण्यात, त्याने मुद्देमालाचं सरकारी कपाट कॅलेंडरच्या तारेने उघडलं. हवालदार त्याचे साक्षीदार आहेत."

हवालदार पुढे आला. त्याने चावीवाल्याकडे बघून ओळखीचं हसू केलं, आणि मग विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं दिली. हो, तार होती. हो, डोळे मिटून. हो, लगेच उघडलं. कोणी उघडायला सांगितलं, हे त्याला कोणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही हे नोकरीत तो पहिल्याच दिवशी शिकला होता.

चावीवाला उभा राहिला. "साहेब, त्याचं असं झालं की, त्यांची चावी हरवली होती, आणि माझी पिशवी आत होती..."

"पिशवी काढण्यासाठी कपाट उघडलंत?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"नाही, म्हणजे पिशवी असती तर आकड्याने उघडलं असतं, पण पिशवी आत असल्यामुळे..."

कोणीतरी मागे हसलं. न्यायाधीशांनी त्याला खाली बसायला सांगितलं. त्याने मागे वळून पाहिलं. बायको हसत नव्हती. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती दाराजवळ उभ्या असलेल्या वायरमनकडे बघत होती.

वायरमन नीटनेटका दिसत होता. पकडला गेल्यावर त्याने पहिल्यांदा जर काही उच्चारलं असेल, तर ते होतं, माझ्या वकिलांना बोलवा. वकील येईपर्यंत त्याने पाणीसुद्धा मागितलं नाही म्हणतात. आता त्याचे वकील त्याच्या शेजारी उभे होते आणि त्याच्या बाजूने सांगत होते, की बेत मुळात चावीवाल्याचा, हा बिचारा नुसता सोबत गेला, आणि सगळं खरं सांगायला तयार आहे. न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार करून घेतलं. ज्याने चोरी केली तो साक्षीदार झाला, आणि ज्याने आपण चोरी केली नाही हे सर्वांना सांगितलं, तो एकटा आरोपी उरला.

बाहेर पायऱ्यांवर बायको म्हणाली, "चला."

"कुठे?"

"वकिलाकडे."

या खेपेला तो बघू म्हणाला नाही.

मेहुण्याचा वकील भिंतींचा तज्ज्ञ होता, चोरीच्या भानगडीत पडत नव्हता. त्याने एका वकीलबाईंकडे धाडलं. झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची छोटीशी खोली होती. खालचं यंत्र सुरू झालं की टेबल थरथरायचं. बाई तरुण होत्या, सर्दीने बेजार होत्या, आणि हातात पेन्सिल घेऊन जबाब वाचत होत्या. चावीवाला खुर्चीच्या कडेवर बसून त्यांचा चेहरा बघत होता. कुलूप कुठे अडतंय हे त्याला बोटांनी कळे, माणसं कुठे अडतात ते कळत नसे. बाईंनी एक ओळ अधोरेखित केली. मग दुसरी. मग पेन्सिल खाली ठेवली, कारण आता अधोरेखित न केलेलंच वेगळं दिसलं असतं.

"हे सगळं सांगायला तुम्हाला कोणी भाग पाडलं? मारहाण, धमकी, काही?"

"नाही. चहा दिला."

"चहा," बाई म्हणाल्या आणि शिंकल्या. "जबाब द्यायच्या आधी माझ्याकडे आला असतात तर मी तुम्हाला एकच गोष्ट सांगितली असती."

"काय?"

"गप्प बसा."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, पण ती काही बोलली नाही. एरवी तिने ही संधी सोडली नसती.

चावीवाला वाट पाहत होता. इथवर येताना, जिना चढताना, त्याने मनाशी एक गोष्ट ठरवली होती. वकील नक्की विचारणार, की तुम्ही केलंय का. तेवढं विचारलं की आपण नीट, आटोपशीर सांगायचं, सासूची गोष्ट गाळून. पण बाई ग्लासबद्दल विचारत होत्या, पिशवीबद्दल, वायरमन आधी कधी टपरीवर आला होता का, याबद्दल. शेवटी त्यालाच राहवेना.

"बाई, मी चोरी केलेली नाही."

"हं," बाई म्हणाल्या आणि रुमाल शोधू लागल्या. "ठाण्यातल्या त्या कपाटाला किती चाव्या होत्या म्हणालात?"

"तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगितलं."

बाईंनी प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या वाईट नव्हत्या. "काका," त्या म्हणाल्या, "मला त्याचा उपयोग नाही हो. तुम्ही केलं नसेल. मला तर वाटतंय नसेलच केलं, कारण चोर इतकं बोलत नाही. पण मला जे मांडायचंय ते कागदावर लागतं, आणि कागदावर तुम्ही स्वतः सगळं त्यांना देऊन बसलात. आता लढायचं म्हटलं तर आपल्याजवळ साक्षीदार एक, तुम्ही. आणि तुमचा जबाब त्यांच्या बाजूने बोलतो."

"मग?"

"कबूल करा. मी बोलते सरकारी वकिलांशी. कबूल केलंत तर काही महिन्यांत सुटाल. लढून हरलात तर काही वर्षं. आणि आपण हरू."

खालचं यंत्र सुरू झालं. टेबल थरथरलं. चावीवाल्याने नकळत हात ठेवून ते धरलं.

"न केलेलं कबूल करायचं?"

"कबूल करायचं. केलेलं की न केलेलं, तो रकाना त्यात नसतो."

दोघं घरी आली. बायकोने मशीनवरचं कापड बाजूला सारून जेवण मांडलं. खिडकीतून संध्याकाळचं ऊन ताटावर आलं होतं, त्यामुळे साधा भात उगीचच सोन्याचा वगैरे दिसत होता.

"बघितलंस?" तो म्हणाला. "मी म्हणत होतो ना. वकील लावला की लोकांना वाटतं याने केलंय. इथे तर वकीलच म्हणतेय, केलं म्हणा."

"आधी लावला असता तर म्हणाली नसती."

"आधी लावला असता तर," तो म्हणाला, आणि पुढे त्याला वाक्य सापडलं नाही. हे क्वचित घडे. बायकोने त्याच्या पानात आणखी भात वाढला.

"तुम्हाला राग आलाय का माझा?" तिने विचारलं.

"तुझा कशाला? तू तर पहिल्या दिवसापासून सांगत होतीस."

"म्हणूनच विचारलं."

तो जरासा हसला. मग म्हणाला, "मी कबूल म्हटलं की मग केलंच ना गं? उद्या टपरी उघडली, कोणी आलं, त्याला काय सांगू? कबूल केलंय पण केलं नाही? कोण आपलं दार मला उघडायला देईल?"

"नाही देणार."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तरी नाही देणार. आत्ताही देत नाहीत."

हे खरं होतं. ती शिवणकाम करणारी बाई होती, मापात बोलायची.

"तुला तरी माहीत आहे ना?"

"मला माहीत असून काय करता? मी काय न्यायाधीश आहे?" ती म्हणाली. "मी असते तर लग्नाच्या आधीच तुम्हाला आत टाकलं असतं. निदान वेळेवर सुटला असतात."

तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला. तिने पाणी पुढे केलं. त्याचं पिऊन होईपर्यंत ती थांबली. मग ताटाकडे बघत, कापडाचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "काही महिने मी काढीन. वर्षं नाही निघायची माझ्याच्याने. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

तो हात धुवायला उठला. नळ बराच वेळ वाहत राहिला, आणि एरवी पाण्यासाठी ओरडणाऱ्या तिने तो वाहू दिला.

ठरल्या तारखेला न्यायालयात फारशी गर्दी नव्हती. वकीलबाईंची सर्दी बरी झाली होती. त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, की विचारतील तेवढंच. मेहुणाही आला होता. त्याने दाजींच्या पाठीवर हात ठेवला आणि काढायचं विसरला.

"आरोप तुम्हाला समजलेले आहेत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो."

"गुन्हा कबूल आहे?"

"साहेब, त्याचं असं आहे की..." चावीवाल्याने सुरुवात केली. सवयीने. वकीलबाई हलकेच खोकल्या. न्यायाधीशांनी लेखणी वर धरली होती.

"हो की नाही, एवढंच."

त्याने मागे पाहिलं नाही. "हो," तो म्हणाला. आयुष्यातला हा त्याचा सगळ्यांत छोटा जबाब. टंकलेखकाला तो टंकायला क्षणही लागला नाही. मग शिक्षा सुनावली गेली, वकीलबाईंनी कबूल केल्याप्रमाणेच काही महिन्यांची. पुढच्या खटल्याचा पुकारा झाला, आणि कोणीतरी त्याला वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं.

बाहेरच्या लांबलचक ओसरीत हवालदार त्याला घेऊन निघाला. बायको कपड्यांची पिशवी कोणाकडे द्यायची ते विचारायला खिडकीशी थांबली होती. हवालदार आज जरा अवघडल्यासारखा होता. त्याने चावीवाल्याचा दंड धरला होता, पण एखाद्या वयस्कर नातेवाइकाला रस्ता ओलांडून द्यावा तसा.

"अहो, चावीवाले," मागून हाक आली.

चोरी झालेल्या घराच्या बाई होत्या. पांढरे केस, हातात छत्री. सगळ्या तारखांना त्या शेवटच्या बाकावर गुपचूप येऊन बसत आणि गुपचूप जात. चावीवाला थांबला, म्हणून हवालदारही थांबला. बाई जवळ आल्या. चावीवाल्याने मान खाली घातली. त्या काय बोलतील, ते ऐकून घ्यायचं त्याने ठरवलं होतं.

"तुम्ही उघडून गेलात ना, त्या दिवसापासून ते दाराचं कुलूप अडतं हो," बाई म्हणाल्या. "चावी अर्धीच फिरते. मग हिसडा द्यावा लागतो. माझ्या मनगटात जोर नाही."

चावीवाल्याने मान वर केली. "लावताना अडतं की उघडताना?"

"उघडताना. सकाळी जास्त."

"तेल घातलंत का?"

"घातलं. पुष्कळ घातलं."

"तिथेच चुकलं. तेलाला धूळ धरते, आतल्या खिळी चिकटतात. आता कापडाने पुसून काढा, आणि पेन्सिलीचं शिसं उगाळून त्याची पूड चावीला लावा. चावी सावकाश आत-बाहेर करा. हिसडा देऊ नका, चावी मोडेल, मग फार कठीण होतं."

"पेन्सिलीचं शिसं," बाई स्वतःशी म्हणाल्या. हवालदारही लक्ष देऊन ऐकत होता, कदाचित माळ्याच्या कुलपासाठी.

"मला नाही जमायचं ते," बाई म्हणाल्या. "तुम्हीच एकदा येऊन बघून गेला असतात तर."

मग त्यांचं लक्ष हवालदाराच्या हाताकडे गेलं.

"आलो असतो," चावीवाला म्हणाला. "पण आता मला यायला जरा वेळ लागेल."

"असू दे," बाई म्हणाल्या. "तोवर मी मागच्या दाराने ये-जा करीन."